माझा लेमा आणि पवित्राचे सात बिंदू

३ जून, सकाळी ६.१०. कुंभकोणम.
आजपासून रोजनिशी. घरच्या तंजावरी मराठीत नाही, पुण्याच्या मराठीत. भाषाही सुधारेल. पीएचडीचं पाचवं वर्ष. हे शेवटचं. मागची दोनही शेवटची ठरली होती, पण तेव्हा परिस्थिती वेगळी होती.
डिपार्टमेंटच्या वेबसाइटसाठी माझ्या गाइडना, भारती मॅडमना, शुक्रवारपर्यंत माहिती द्यायची: संशोधनाचे विषय, मूल्यं, छंद. दहा मिनिटांचं काम.

४ जून.
दिवसभर तेच. विषय अकरा झाले. मॅडम म्हणाल्या, "श्रीवत्स, ज्यात काही सिद्ध केलंय तेवढेच लिहा." एक उरला, ग्राफ थिअरी. पण त्यातला माझा लेमा, म्हणजे छोटं साहाय्यक प्रमेय, हा मॅडमच्या नव्या पेपरचा पाया. एक पुरे.
मूल्यं: सचोटी. पहिल्या फटक्यात सुचलं.

५ जून, दुपारी.
पहिल्या वर्षाची पवित्रा टेबलाशी आली. माझा लेमा म्हणतो, एका ठरावीक प्रकारच्या प्रत्येक आकृतीचे बिंदू तीन रंगांत रंगवता येतात, जोडलेल्या दोन बिंदूंना एकच रंग न येता. तिने त्याच प्रकारची सात बिंदूंची आकृती काढली. म्हणाली, "अण्णा, याला चार लागतायत." बघतो म्हटलं. हल्लीच्या मुलांना घाई फार.
४.३०. चार लागतात.
५.१५. अजूनही चारच.

६ जून.
मॅडमना आज सांगणार होतो. त्या कॉफी घेत होत्या. माणसाला कॉफी निवांत पिऊ द्यावी.

७ जून.
त्या फोनवर होत्या. निदान तसं वाटलं. पवित्राला बजावलं, योग्य वेळी मीच बोलेन. "सरि अण्णा", म्हणजे 'बरं दादा', म्हणाली आणि नजर वळवली. लाजाळू आहे.
छंदात 'संगीत' लिहिलं. खोटं नको म्हणून संध्याकाळी मरुदानल्लूरला भजनाला गेलो. टाळ मिळाले. दहाव्या मिनिटाला तिथल्या हरिकृष्णमामांनी ते हळूच काढून घेतले. म्हणाले, "गणित शिकतोस ना रे? आठच मात्रा मोजायच्या होत्या."

९ जून, रविवार.
सुट्टीच्या दिवशी कोणाला वाईट बातमी देऊ नये. शिवाय आधी लेमा दुरुस्त करून मग सांगणं जास्त प्रामाणिक. दुरुस्त होईना. इडली गार आहे म्हणून आईवर ओरडलो. गरम होती.

१० जून.
सकाळी दहाला मॅडमच्या केबिनमध्ये जाऊन एकदाचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "पवित्रा पाच तारखेलाच सांगून गेली. एक अट वाढवून तिने लेमा सावरलाही. तुम्ही कधी येता, ते बघत होते."
मी विचारलं, पेपरचं काय?
"तो आता माझा आणि तिचा. तुम्ही नवं काही सिद्ध करा. आलात ते बरं केलंत. शुक्रवारी आला असतात तर अजून बरं."
जिन्यात थोडा वेळ बसलो. डोळ्यांत खडूची पूड गेली असावी. आमच्याकडे सगळे व्हाइटबोर्ड आहेत.

१२ जून.
पेपर जर्नलकडे गेला. शेवटच्या पानावर, बारीक अक्षरांत, मूळ कल्पनेबद्दल माझे आभार आहेत. घरी सांगितलं, पेपरात माझं नाव आलं. आईने केसरी (पुण्याच्या मराठीत शिरा) केली, शेजारच्या सीतालक्ष्मीमामींना वाटीभर दिली. कुठे आलं, हे कोणी विचारलं नाही. अप्पांनी तेवढी प्रिंट मागून घेतली. चष्मा लावून बसलेत. अजून पहिल्याच पानावर शोधतायत.