मुका मार

अब्बा, माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्याचं नख काळं पडलंय. गॅसची टाकी सरकवताना हातातून निसटली आणि पायावर बसली. मी तेव्हा चौथीच्या पुस्तकातली एक कविता गुणगुणत होतो. टाकी पडल्यावरही ती शेवटपर्यंत म्हटली, यावरून काय ते समजा. आज सकाळी सुनेच्या नजरेला पडलं. ती गावात आशा कार्यकर्ती आहे. मलाही ती अब्बाच म्हणते. खाली बसून तिनं माझं एकेक बोट दाबलं.

"अब्बा, दुखतंय का?"

"न्हाई गं, काहीच न्हाई."

"मग लईच वाईट. शुगरवाल्यानं हे असं खुशीत सांगायचं नसतं!"

नख हलत होतं, पण तिनं ते उपटलं नाही. साध्या पाण्यानं धुऊन कोरडी पट्टी बांधली, "गरम पाण्यात पाय घालू नका, पोळलं तरी तुमाला कळायचं न्हाई," असं बजावलं आणि रिक्षा बघायला गेली. मी मात्र तिच्या त्या दाबून पाहण्यापाशीच अडकलोय.

मिरजगावचा बाजार. बैल आडवा पाडलेला, पाय बांधलेले, आणि नाल ठोकायच्या आधी तुम्ही पकडीनं खूर दाबत चाललाय. बैल अंग चोरतो तिथं तुमचा हात थांबतो. "हितं हाय बघा, पाटील. वरनं दिसायचं न्हाई, मुका मार हाय." घरात आपण दखनी बोलायचो, पण तुमचं हे बाजारातलं मराठी मला एखाद्या कवितेसारखं पाठ होतं.

पुढं मी पाथर्डीला मास्तर झालो. एका रविवारी एसटीनं घरी आलो, तर बैलानं तुमच्या पायावर पाय देऊन चार दिवस झाले होते. अंगठा सुजलेला, नख जांभळं. "दुखताच नहीं रे," तुम्ही म्हणालात. मी तुमचीच नक्कल केली, "मुका मार हाय पाटील, उतरंल!" दोघंही केवढे हसलो. मग मी तुम्हाला नवी कविता चालीवर म्हणून दाखवली आणि तुम्ही त्याच पायानं फरशीवर ठेका धरलात. जो पाय नुसता टेकवतानाही कळ यायला हवी होती, त्या पायानं. मला वाटलं, कविता आवडली.

पंधरा दिवसांनी वास यायला लागला तेव्हा नगरला नेलं. तुम्हाला शुगर आहे हे तिथं कळलं. आधी अंगठा गेला, मग घोट्यापासून पाय. तुम्ही पुन्हा बैलापाशी बसला नाहीत, आणि डोळे मिटेपर्यंत मला कधी बोलही लावला नाहीत. बोल लावला असता तर बरं झालं असतं. शिकलेला मुलगा मी, बैलाच्या खुराला मिळत होतं तेवढंही तुमच्या बोटाला दिलं नाही. दाबून पाहिलंच नाही.

"अब्बा, चला की! रिक्षावाला थांबायचा न्हाई," सून दारातून ओरडतेय. डॉक्टर आधी विचारतील, कधी लागलं? तिला मी 'काल' म्हणून सांगितलंय. हा कागद कुठल्या टपालपेटीत पडायचा नाही, म्हणून लिहितो: आज नववा दिवस आहे. दुखत नाही हे पहिल्याच दिवशी कळलं होतं, आणि त्याचा अर्थही. मोजे घालून फिरलो. तुम्हाला सांगून झालं. तिला अजून सांगितलेलं नाही.