दगडातलं पिल्लू फिरलं

४ फेब्रुवारी १९७४
आलो एकदाचे कोल्हापुरात! शिवाजी पेठेत दोन खोल्या मिळाल्या. शेजारी तालीम, दिवसभर दंगा, पण रशिदा खूश. सातवा महिना लागलाय तिला. खालच्या मजल्यावरची तानूबाई सुईण. पोट चाचपून म्हणाली, डोकं खाली हाय, काळजी करू नगासा.
कॉलेजात माझ्या वाट्याला आलाय एक सहा फुटी दगड. आत समुद्री सरपटणाऱ्या प्राण्याचा जीवाश्म, तोंड सुसरीचं, अंग माशाचं. चिठ्ठीवर जुन्याच जातीचं नाव. दात बघितले आणि म्हटलं, हॅट, ही जात नवी! तसं सिद्ध केलं तर नोकरी कायम, असं विभागप्रमुख बाळासो सर म्हणाले. नाहीतर जूनमध्ये गाशा गुंडाळायचा.

१३ फेब्रुवारी
दाभणानं दगड टोकरताना पोटाशी बारकी हाडं लागली. पिल्लू! बाळंत होता होताच आई मेलेली. शेपूट आधी बाहेर. या प्राण्यांत तसंच असतं. चित्र काढून ठेवलं. शिपाई केरबा म्हणाला, बाळंतिणीला टोचू नगासा सर, तुमच्या घरात गरवार बाई हाय. मी हसलो.

१९ फेब्रुवारी
आज डोकं बाहेर आहे, शेपूट आत. चित्रात उलटं, आणि चित्र माझ्याच हातचं. घाबरायला हवं होतं. पण मला गाढवाला आनंद झाला! डोक्याकडून जन्मणारी जात, म्हणजे नवीच की. चित्र फाडलं. लेख धाडला.

२१ फेब्रुवारी
तानूबाई म्हणते बाळ फिरलंय, पायाळू येणार. कधी फिरलं विचारलं तर म्हणाली, परवाच्याला. रशिदा रडते. तिची बहीण शहाजादी अशीच पाय आधी आलेल्या बाळापायी गेली.

४ मार्च
लेख मागं घेतला तर पिल्लू परत फिरेल, आणि आमचं बाळही! सरांना विनवलं, लेख परत मागवा, जुनंच नाव राहू दे, नोकरी गेली तर गेली. सर म्हणाले, खुळा झालास काय, स्वीकारल्याची तार आलीय.

७ मार्च
आणखी हलू नये म्हणून पिल्लावर प्लास्टर थापलं होतं. सकाळी तडकलेलं. खांदे बाहेर आलेत. रशिदाला कळा — आठव्यातच —

८ मार्च
हातोडा उचलला. पण फोडलं आणि आमचंही — नाही झालं माझ्याच्यानं. या अल्ला, नोकरी घे, नाव घे, मला घे, पण रशिदाला —

९ मार्च, दुपार
दगडात पिल्लू नाही. खळगा ओला.
केरबा पळत आला, भाभी मोकळ्या झाल्या म्हणाला. तसाच घरी धावलो. रशिदा जगली. जगली! बाळ तानूबाईनं घंगाळात धरलंय, माझ्याकडे देईना. कुजबुजली, पाण्यातनं काढलं की गुदमरतंय. मी वाकून बघितलं —
रशिदा पडल्यापडल्या विचारतेय, कुणावर गेलंय. तुझ्यावर, म्हटलं. दोनदा म्हटलं. आता म्हणतेय, मग दाखवा की, आणि तानूबाई घंगाळ उचलून तिच्या —