देवीखालचा रंग

९ जून

बाबांच्या गाडीचा डॅशबोर्ड नुसता पुसून उजळणार नाही, रंगच द्यावा लागेल. लाई मिस्त्रींनी आज नखानं खरवडून पक्कं सांगितलं. गाड्यांच्या सीटा शिवण्यात त्यांचा जन्म गेलाय, तेव्हा वाद नको.

काचेखालचा सगळा पट्टा विटलाय — कुठे जांभळट, कुठे राखेसारखा. बाबा म्हणतात, मुळात निळा होता. मी म्हणते करडा. जुन्या फोटोत बाबाच दिसतात, डॅशबोर्ड नाही.

गेल्या आठवड्यात बाबांनी गल्लीच्या तोंडाशी चुन मावशींची टोफूच्या खिरीची हातगाडी उडवली. ब्रेकऐवजी दुसरंच काही दाबलं असणार. ते म्हणतात, "हातगाडीच पुढे आली." मावशी उडी मारून वाचल्या. "म्हातारा आहेस म्हणून सोडते," म्हणाल्या, "पण संध्याकाळी तिथे माझी नात उभी असते, एवढं ध्यानात ठेव."

घरी येऊन मी किल्ली मागितली. बाबांनी अट घातली — "डॅशबोर्ड होता तसा करून दे. मग तू चालव, मी शेजारी बसतो. असल्या तोंडाच्या गाडीत मी पाहुण्यासारखा बसणार नाही."

हो म्हटलं. वाटलं, चार दिवसांचं काम.

१० जून

भांड्यांच्या साबणानं धुतला, मग स्पिरिटनं पुसला. फडक्यावर चिकट तपकिरी थर येतोय तो येतोच आहे. दर रविवारी चकाकीचं तेल चोळायचं हा बाबांचा नेम, गाडी घेतल्यापासूनचा. मिस्त्रींना फोन केला तर हसले. "त्या तेलावर रंग धरत नाही, ताई. माशाच्या डोळ्यांसारखे खड्डे पडतात. धुवा अजून."

धुतेय.

१२ जून

मिस्त्री रंग जुळवायला आले. पण नमुना घ्यायचा कुठून? समोरच्या खणाचं झाकण मागे कधीतरी दुसऱ्या गाडीचं बसवलेलं. बाकी सगळीकडे ऊन नाहीतर तेल. शेवटी त्यांनी माझूच्या मूर्तीकडे बोट दाखवलं. गाडी घेतली तेव्हा देवळातल्या धुपावरून फिरवून डॅशबोर्डवर चिकटवलेली समुद्रदेवी, अंगठ्याएवढी.

"हिच्याखाली ऊन गेलेलंच नाही. खरा रंग तिथेच आहे. उचला हिला."

बाबा म्हणाले, "तिला विचारल्याशिवाय नाही."

बरोबरच आहे. मीही उचलली नसती. कौल लावायला बाबांनी दहाची दोन नाणी घेतली — एक छापा, एक काटा पडला तर होकार, दोन्ही सारखे पडले तर नाही. दार लावून एकटेच गाडीत बसले. बाहेर आले ते कपाळ पुसत.

"नाही म्हणते."

१३ जून

नाही म्हणते.

१५ जून

आज लागोपाठ दोन होकार आले, तिसऱ्याला नकार. बाबांनीच सांगितलं. मी म्हटलं, मग अडलंय कुठे? मूर्ती सरकवायला एक होकार पुरतो. सलग तीन मागायचे ते लग्न ठरवताना, नाहीतर देऊळ बांधताना.

"तू तुझ्या वर्तमानपत्राच्या बातम्या बघ," म्हणाले. "देवीशी कसं बोलायचं ते मला शिकवू नकोस."

चालढकल करताहेत. कळतंय मला. पण देवीनं नाही म्हटलं, यावर वाद कसा घालायचा? मंत्र्याचं म्हणणं दोन ठिकाणी फोन करून तपासता येतं.

आज वादळाच्या बातमीवर मी कालची तारीख टाकली. बातमी छापायला जायच्या आधी कुणीतरी चूक पकडली म्हणून वाचले.

१७ जून

नमुन्याशिवायच करून पाहिलं. मिस्त्री नको म्हणत होते. देवीभोवती कागद लावला आणि डाव्या बाजूला अंदाजानं करड्याचा पातळ हात फवारला. सुकल्यावर हिरवट दिसतोय, शेवाळलेल्या हौदासारखा. वर खड्डेही पडले. मिस्त्रींनी वाकून पाहिलं आणि आपली हत्यारं गोळा केली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

बाबा पाहायला आले. मग म्हणाले, "हा काही तो रंग नाही." आणि किल्ली खिशात.

१८ जून

बाबा बाजारात जायला निघाले. अडवता येईना म्हणून मीही शेजारी बसले. मोठ्या चौकात लाल दिवा होता. गाड्यांमधून चाफ्यासारखी पांढरी फुलं विकणारी बाई फिरत होती, डोक्यावर बांबूची टोपलीसारखी टोपी, हातात परडी. बाबा थांबलेच नाहीत. मी ओरडले. बंपर तिच्या गुडघ्याला टेकला तेव्हा गाडी थांबली.

तिनं परडीनं बॉनेट बडवलं. "आजोबा, मी काय सिग्नलचा खांब वाटले? खांबालाही लोक घाबरतात हो!"

बाबा खिडकीतून तिची माफी मागत राहिले. तिची सगळी फुलं घेतली आणि देवीपुढे रचली. मागचे हॉर्न वाजवत होते. बाबांना गिअर टाकता येईना. तरी स्टिअरिंगसमोरून उठले नाहीत. मी काय करणार होते? ओढून काढू? बापाला?

१९ जून

नाही म्हणते. आज तर सरळ नकार, पहिल्याच फेकीला.

२० जून

दुपारी बाबा झोपले तेव्हा मी केस वाळवायचं यंत्र घेऊन गाडीत गेले. गरम हवेनं डिंक सुटतो, मिस्त्री म्हणाले होते. खालची कड सैल झालीही. मग देवीच्या तोंडाकडे लक्ष गेलं.

यंत्र बंद केलं. कड अंगठ्यानं परत दाबून बसवली. तिची माफी मागितली आणि आत येऊन भात लावला.

२१ जून

मिस्त्री आपणहून आले. बाबा ओट्यावर बसलेले. मिस्त्री त्यांच्याशेजारी टेकले, चहा मागितला. "काका, पुन्हा पुन्हा नकार येतोय म्हणजे देवी रुसलेली नाही. प्रश्न चुकतोय. माझ्या आईचं असंच व्हायचं. प्रश्न फिरवून विचारला की कौल पडायचा."

"काय विचारायचं ते मला ठाऊक आहे," बाबा म्हणाले.

"ठाऊक असतं हो. विचारवत नसतं."

मला वाटलं आता मिस्त्रींना घालवून देतील. पण बाबांनी त्यांच्या पेल्यात आणखी चहा ओतला.

२२ जून

जेवताना बाबांनी किल्ली माझ्या वाटीशेजारी ठेवली. "मूर्ती उचलू का, असं मी तिला विचारलंच नव्हतं," म्हणाले. "अजून चालवू का, हे विचारत होतो. रोज. आज विचारलं — थांबू का?"

सलग तीन होकार.

उद्या वाहन कार्यालय उघडलं की परवाना परत द्यायला जायचं. डॅशबोर्ड अर्धा हिरवाच आहे. चालवणार मी, शेजारी बाबा.