उरलेल्या गायींची बातमी

प्रिय मास्तर,

रागावलास? रागव. शेतकऱ्यांना सल्ले द्यायच्या नोकरीला लागलास तेव्हापासून मी तुला मास्तर म्हणते आणि तू दर वेळी नाक फेंदारतोस. आत्ता फेंदारलंस तर मला बरंच वाटेल. फोन तू उचलत नाहीस. आधी वाटलं कामात असशील. मग वाटलं फोन कुठेतरी पाडलास, तुझा काही भरवसा नाही. मग मी अण्णांच्या फोनवरून लावला, शेजारच्या रेडिओकाकांच्या फोनवरून लावला, आणि तू कोणाचाच उचलेनास तेव्हा मात्र मी घाबरले. बोलायचं नसेल तर नको बोलूस. वाचता तर येतं ना? मग वाच. माझं अक्षर घाण आहे, आज जरा जास्तच घाण आहे, कारण कागद मांडीवर घेऊन लिहितेय आणि मला एका जागी धड बसवत नाही. तरी शेवटपर्यंत वाच.

उरलेल्या गायी बऱ्या आहेत. ही बातमी आधी सांगते, कारण तुझा जीव तिथेच अडकलाय हे मला ठाऊक आहे. बऱ्या म्हणजे चांगल्या धडधाकट. दोघी गाभण आहेत, आणि ती शेपटीला गाठ असलेली काळी मला अजूनही लाथ मारते. जळलेल्या टेकडीवर हिरवं फुटलंय. लांबून बघितलं तर कोणीतरी पोपटी रंग सांडल्यासारखं दिसतं, जवळ गेलं की मध्ये मध्ये काळी राख. तू सांगितलं होतंस तसं मी जाऊन गवत मुठीत धरून ओढून बघते. अजून मुळासकट हातात येतं, म्हणून फाटक बंद. गायी आवारातच आहेत, चाऱ्याच्या गठ्ठ्यांवर. अण्णा रोज सकाळी फाटकाशी उभे राहून त्या हिरव्याकडे असं बघतात, जसं काही त्यांच्या ताटात वाढलंय आणि मी हात धरून ठेवलाय. किल्ली माझ्याकडे असते. त्यावरून आमची रोज जुंपते, ते असो.

थांब, जरा दोन फेऱ्या मारून आले. पाय आखडले होते.

तू गायी निवडायला आलास तो दिवस माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. तीन वर्षं पावसाने तोंड फिरवलं, मग वणवा आला आणि रचून ठेवलेला सगळा चारा एका दुपारीत गेला. कुंपणाचे खांब जळाले, नुसती तार जमिनीवर पडून होती. लोकांनी कुठून कुठून ट्रकने चारा पाठवला, पण तो सगळ्यांत वाटायचा, पुरणार किती. आणि तू आलास, ऑफिसचं जाकीट घालून. चहासुद्धा घेतला नाहीस. सरळ आवारात गेलास आणि एकेका गायीच्या पाठीवर तळहात ठेवत निघालास. कण्यावर, फासळ्यांवर, माकडहाडापाशी. जी राहणार तिच्या पाठीवर निळी खूण करत होतास. ‘मावशी’पाशी आलास, जिला तू बाटलीने दूध पाजून वाढवलंस, जी तुझ्या मागे मागे स्वयंपाकघरापर्यंत यायची. तिच्या पाठीवर तुझा हात इतका वेळ राहिला, की मला वाटलं आता करशील खूण. नाही केलीस. पुढच्या गायीकडे गेलास.

नंतर टेबलाशी बसून तू आम्हाला समजावलंस. अर्ध्या विकल्या तर उरलेल्या अर्ध्यांचं पोट भरेल, सगळ्या ठेवल्या तर सगळ्याच अर्धपोटी राहतील आणि मग एकही वाचायची नाही. बरोबर बोलत होतास. पण तू परक्या माणसांशी बोलतोस तो आवाज लावला होतास, सावकाश, गोड, मध्ये मध्ये थांबून. बापाशी आणि बहिणीशी! मला तुझ्या पाठीत एक धपाटा घालावासा वाटला. अण्णा म्हणाले, तुला योग्य वाटतं तसं कर. दुसऱ्या दिवशी ट्रक आला. अण्णा घरात बसून राहिले आणि फळी लावून गायी चढवल्या त्या तू आणि मी.

आणि मग पावसालाही काय मुहूर्त सापडला! पंधरवडासुद्धा झाला नव्हता. आभाळ फाटल्यासारखा कोसळला. अण्णा आधी अंगणात जाऊन भिजत उभे राहिले, मग ओल्या कपड्यांनीच आत आले आणि फोन उचलून तुला लावला. मला वाटलं आनंद सांगताहेत. पण ते म्हणाले, तुझं ऐकलं नसतं तर आज माझा गोठा भरलेला असता. मी तिथेच उभी होते. माझ्या कानशिलात कोणीतरी मारल्यासारखं झालं, तर तुझं काय झालं असेल? तू म्हणे नुसतं ‘हं’ म्हणालास आणि ठेवलास. मी अण्णांना वाट्टेल ते बोलले. त्यांच्या जिभेला हाड नाही हे काय आपल्याला आजच कळलंय? आई असती तर तिने त्यांच्या हातातून फोन काढून घेतला असता. पण नाही घेतला कोणी, आणि त्यानंतर तुझा आवाज आमच्या कानावर नाही.

आता तुला ठाऊक नसलेलं सांगते. नीट वाच. तो पाऊस थांबला नाही. रात्रीपासून वारा सुटला आणि असला गारठा पडला की माझी बोटं वळेनात. रेडिओकाका आठवतात ना, तू त्यांच्याकडेही गेला होतास आणि त्यांनी तुला फाटकातूनच हाकललं होतं? कालपर्यंत शाळेत जाणारं पोर मला गायी शिकवणार, असं गावभर सांगत होते. त्यांनी एकही गाय विकली नव्हती. सगळ्या हाडांचे सापळे झालेल्या. आडोशाला झाडं नाहीत, ती तर जळाली. अंगावर मांस नाही, पोटात चारा नाही, आणि वरून तो थंडगार पाऊस. सकाळी त्यांचा फोन आला तेव्हा मला आवाज ओळखू येईना. आम्ही गेलो. गायी चिखलात बसल्या होत्या आणि उठत नव्हत्या. पोटाखालून पट्टे घालून आम्ही तिघांनी ओढलं, पोती पांघरली, कोमट पाणी पाजलं. एक उभी राहायची, चार पावलं टाकायची आणि पुन्हा बसायची. ज्या पावसाची तीन वर्षं वाट बघितली त्याच पावसाने त्या मारल्या. दिवस मावळेपर्यंत काकांच्या आवारात एकही गाय जिवंत नव्हती. आणि काकांचा रेडिओ बंद होता, मी तो पहिल्यांदा बंद बघितला.

आम्ही चिखलाने माखून घरी आलो. आपल्या गायी पावसाकडे पाठ करून रवंथ करत उभ्या होत्या. सगळ्या. अण्णा हातपाय न धुताच आवारात शिरले आणि एकेकीच्या पाठीवर हात ठेवत गेले, अगदी तू ठेवतोस तसाच, कण्यावर, फासळ्यांवर. मी बघत नाहीये असं त्यांना वाटत होतं. मग आत येऊन म्हणाले, त्याला फोन लाव. मी लावला. तू उचलला नाहीस. ती रेकॉर्ड केलेली बाई सगळं बोलून संपेपर्यंत ते फोन कानाला धरून उभे होते. पुन्हा लाव म्हणाले. तेव्हापासून आमच्या घरी दिवसभर तेच चाललंय. जेवताना मध्येच उठतात, काम करताना मध्येच येतात, फोन लाव म्हणतात. माझं डोकं फिरायची वेळ आली.

आणि काल तुझ्याऐवजी तुझ्या ऑफिसातल्या त्या चष्मेवाल्या बाई आल्या. अण्णा असल्या पाहुण्यांना दारातच कटवतात, पण त्यांनी तुझं नाव काढलं आणि अण्णांनी स्वतः खुर्ची ओढून दिली. गायींचं एक अक्षर त्यांनी विचारलं नाही. त्या तुझ्याबद्दल विचारायला आल्या होत्या, आणि आम्हालाच काही माहीत नव्हतं, लाज वाटली मला. त्या म्हणाल्या, तू शेतांपर्यंत जायचास आणि फाटकाबाहेर गाडी चालू ठेवून बसून राहायचास. आत जायचा नाहीस. कोणीतरी आजीबाई कप घेऊन गाडीपाशी आल्या तर तू त्यांना नमस्कार करून गाडी वळवलीस. मग ऑफिसात यायचंच बंद केलंस. तू त्यांना म्हणालास म्हणे, की मी माझ्याच घराचं वाटोळं केलं, आता दुसऱ्यांना कुठल्या तोंडाने सांगू. हे ऐकलं आणि अण्णांनी हातातला कप खाली ठेवला.  

अरे गाढवा! तू सगळ्यांच्या टेबलाशी जाऊन बसलास. कोणाचं घर जळालं, कोणाच्या मेंढ्या होरपळल्या, कोणाचा नवरा रात्री उठून नुसता फिरत राहतो, सगळं सगळं ऐकून घेतलंस. ते ठेवलंस कुठे? आणि जळलं ते तुझंही घर होतं ना? ज्या झाडावर चढून तू हात मोडून घेतलास ते जळालं, तुझी मागची खोली गेली, तुझी ती ‘मावशी’ गेली. तुला कोणी विचारलं का, की बाबा रे तुझं कसं काय? सगळ्यांना वाटलं, हा काय, हा तर मास्तर. मलाही तसंच वाटलं. मला तुझा इतका राग येतोय आणि तुझी इतकी काळजी वाटतेय की दोन्हींतलं काय आधी लिहावं कळत नाही, म्हणून एकदमच लिहितेय.

बाई गेल्या आणि अण्णा मोरीत जाऊन दाढी करायला लागले. मला वाटलं यांचं डोकं ठिकाणावर नाही. दाढी करून, धुतलेला शर्ट घालून ते पिकअपमध्ये जाऊन बसले आणि हॉर्न वाजवायला लागले. मी ओरडले की गायींकडे कोण बघणार, वणव्यानंतर तुम्ही एक रात्र तरी शेत सोडलंय का? ते हॉर्न वाजवतच राहिले. आवाज ऐकून रेडिओकाका आले. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, माझ्याकडे आता बघायला काय राहिलंय, मी तुमच्या बघतो. मी फाटकाची किल्ली त्यांच्या हातात दिली. गवत ओढून बघायचं कसं तेही मी सांगायला लागले, तर काका म्हणाले, ते पोर मला तेव्हाच सांगत होतं. त्यांचे डोळे भरले होते. मग आम्ही निघालो. अण्णांनी सबंध रस्ता गाडी अशी चालवली की सायकलवाले पुढे गेले, आणि तुझ्या शहरात शिरल्यावर रस्ता चुकल्याबद्दल मला शिव्या घातल्या.

तर मास्तर, मी तुझ्या दाराबाहेर जिन्यात बसलेय. सकाळपासून तू ऐकतोयस ती टकटक अण्णांची, आणि ज्या आरडाओरड्यामुळे वरच्या मजल्यावरच्या बाई खाली आल्या तो माझा. कागद खालच्या दुकानातून आणला. दुकानदार म्हणाला, तू पाव आणि दूध नेतोस, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. दाराखालच्या फटीतून तुझ्या पावलांची सावली दिसते मला. तू दाराच्या पलीकडेच उभा आहेस. अण्णा काय बोलायचं ते वाटभर पुटपुटत आले आणि इथे आल्यावर त्यांना एक शब्द फुटेना, म्हणून मला म्हणाले, लिही. आज गायी उभ्या आहेत त्या तुझ्यामुळे, असं लिही. फोनवर मी बोललो ते मूर्खासारखं बोललो, असं लिही. मग ‘मूर्खासारखं’ खोड म्हणाले, मी खोडलं, मग म्हणाले राहू दे, पुन्हा लिही. सल्ला विचारायला आलो नाही, असंही लिही म्हणाले. तू बाहेर येऊन काही बोललं पाहिजेस असं नाही. घरी चल असंही आम्ही म्हणत नाही, तुझ्या घरात आम्हाला घे, एवढंच. आणि नाहीच उघडलंस तरी आम्ही जाणार नाही, कारण अण्णांनी गाडीतून वळकटी आणून इथेच पसरलीय. वणवा लागल्या दिवसापासून हा माणूस पायात बूट घालूनच झोपतो, न जाणो उठून पळावं लागलं तर. आत्ता त्याने बूट काढले. तुझ्या उंबऱ्याशी जोडीने ठेवलेत आणि भिंतीकडे तोंड करून आडवा झालाय. झोपलेला नाही, मला कळतंय. हे पत्र मी आता दाराखालून सरकवतेय. कडी काढ, आणि बाहेर पाऊल टाकताना जपून, अण्णांचे बूट मध्येच आहेत.

तुझीच, घसा बसलेली,
ताई