दादाच्या गेमला झेंडूची माळ

सर्वण, दसरा, २००४

आईचा सकाळचा प्रश्न अजून डोक्यातून जात नाही. दादाने म्हापशाच्या एका बंद पडलेल्या दुकानातून तो कपाटाएवढा जुना व्हिडिओ गेम आणला, त्याला वर्ष झालं. अख्ख्या गोव्यात दुसरा नाही म्हणे! तेव्हापासून तो चादरीखाली. बटणं झिजतील म्हणून कुणी हात लावायचा नाही.

आज स्कूटर, पंप, माझं शिवणयंत्र, सगळ्यांना माळा घातल्या. गेमलाही माळ घातली, पण त्याच्यासमोर निरांजन धरून आई थांबली.

"वर्षभर राबतत म्हणून यंत्रां पुजतत. ह्या काय राबला रे?"

"आई गो, दुर्मीळ वस्तू ती!" दादा चिडला.

मला आईचंच पटलं. पण दादा रोज चादर उचलून बघतो, तो आनंद खोटा कसा म्हणू?

संध्याकाळी मीच गेम सुरू केला. माझं विमान अर्ध्या मिनिटात पडलं. मागे दादा उभा. आता ओरडणार, वाटलं.

"डावीकडचा बटण दाब गो... सर बाजूक, दी माका."

आई जेवायला हाका मारून थकली. माळेतल्या पाकळ्या बटणांवर गळत होत्या, दादाच्या बोटांखाली चिरडल्या जात होत्या. त्याने एकदाही पुसल्या नाहीत.