दुखणं एकाचं, झाड एक

माय, तू गेलीस तेव्हा माझी लेक पाळण्यात होती. आता ती कॅनडात राहते. तिचा नवरा तिथं शिडीवरून पडला, मणका दुखावला, आणि अजून त्याला नीट बसता येत नाही. परवा सकाळी व्हिडिओ कॉलवर तिनं फोन फिरवून मागची खोली दाखवली आणि मी खुर्चीवरून उठलोच. दिव्यांखाली गांजाची झाडं! पाच कुंड्या, आणि भिंतीवर सरकारी कागद चिकटवलेला. मी उभा जन्म गावचा पोलीस पाटील राहिलेला माणूस. आधी दार लावून घेतलं, मग बोललो. "पोरी, हे काय करून राहिली तू?" ती हसायला लागली. "भेऊ नका बाबा. यायले दुखण्यावर दिवसाले किती लागते ते डॉक्टर लिहून देते. त्याच्यावरून सरकार हिशोब करते अन् झाडं किती लावाचे ते सांगते. आमाले घरात पाच. बाहेर उघड्यावर लावले असते तं दोनच, तिथं झाड मोठं होते ना."

माय, मी थक्क झालो. दुखणं किती ते आधी बघायचं आणि त्यावरून झाडं ठरवायची, एवढा विचार एखादं सरकार करतं! कुणाची गरज किती आणि चैन किती, याच्यामध्ये रेघ मारायला त्यांना केवढे डॉक्टर आणि केवढे कागद लागले असतील. आणि मग एकदम तू आठवलीस. शाळेची पायरी न चढलेली बाई, आपल्या घरामागच्या सांदवाडीत, वालाच्या मांडवाआड, तू ती रेघ एकटीनं मारली होतीस.

तंबाखूच्या खर्र्यानं बाबांचा जबडा खाल्ला होता. नागपूरच्या दवाखान्यानं घरी न्या म्हणून सांगितलं. ते दुपट्टा दातात धरून पडून असत. तू कुठून बी आणलंस ते कधी सांगितलं नाहीस. झाड गोठ्याच्या वर गेलं. तू रोज मोजून पानं खुडायचीस, दुधात वाटून चमच्यानं त्यांच्या ओठांत सोडायचीस, आणि तासाभरानं बाबा पेज मागायचे. पेज! तो आवाज ऐकायला मी उंबऱ्यात बसून राहायचो. होळीला शेजारचा काका वाटीभर पाला मागायला आला, तर तू त्याला दारातूनच परत पाठवलंस. "हे दुखण्याचं झाड हाये, मौजेचं नाही." मी म्हटलं होतं, दोन-चार लावून ठेव, एखादं वाळलं तर? तू म्हणालीस, "काहून? दुखणं एकाचं, झाड एक."

त्याच वर्षी मला पोलीस पाटीलकी मिळाली. लाखांदूरच्या ठाण्यात पहिलीच बैठक. साहेब म्हणाले, कुणाच्या धानाच्या बांधीत, परसात गांजा दिसला तर पाटलानं लगेच कळवायचं, नाहीतर पहिला पाटीलच आत जाईल. घरी आलो, चहाही घेतला नाही, सरळ सांदवाडीत गेलो आणि झाड मुळासकट उपटलं. तू धान पाखडत होतीस, सूप हातातच राहिलं. "एकच तं होतं रे," एवढंच म्हणालीस. मी ते पोत्यात घालून बोडीच्या पाण्यात बुडवलं. बाबा त्यानंतर दोन महिने जगले, आणि त्यांनी पुन्हा पेज मागितली नाही. त्या दिवसापासून तू मला नावानं कधी हाक मारली नाहीस. "पाटील, जेवाले या." बायाबापड्यांना वाटायचं, लेकाचं केवढं कौतुक!

परवा लेकीला मी विचारलं, सहावं उगवलं तर? "उपटा लागते, बाबा. एकबी जास्त चालत नाही." ती सहजच बोलली. ती सहावं उपटते माय, मी पहिलंच उपटलं होतं.

काल मी आपल्याकडचा कायदा आणून वाचला. नुसत्या पानाला तो गांजा म्हणत नाही, पण झाड लावायचं तर परवाना हवा, आणि घरच्या दुखणाईतासाठी परसात लावायला कुणाला परवाना मिळाल्याचं मी आजवर ऐकलं नाही. म्हणजे आपली मर्यादा शून्य. म्हणजे मी बरोबर होतो. हे वाचून छातीवरचा धोंडा उतरेल असं वाटलं होतं, उतरला नाही. कारण कायदा मी कालच पहिल्यांदा वाचला. तेव्हा मला काहीच ठाऊक नव्हतं, फक्त भेव होतं. कुणाला विचारलं नाही, बाबांच्या तोंडाकडे पाहिलं नाही. तू मात्र त्यांच्याकडे पाहूनच सगळं ठरवलं होतंस. तुझ्याएवढा नेमका माणूस मी पुढं कुठल्या ठाण्यात, कचेरीत पाहिला नाही.

हा कागद कुठं पाठवणार? तुझ्या पेटीत, तुझ्या लुगड्याखाली ठेवून देईन. फक्त एक सांगायचं राहिलं. फोन ठेवताना लेकीनं विचारलं, "बाबा, आजोबाच्या दुखण्यात आजीनं कधी लावलं होतं का असं झाड?" मी म्हणालो, "नाही. आपल्या घरी असलं काही नव्हतं."

होतं, माय. एक होतं.