वायर भिंतीत संपते

गुरुजी, शाळेची विजेची घंटा मी केली, बोअरच्या मोटरचा स्टार्टर बसवला, वर्गातले चार पॉइंट ओढले, आणि रहिमतपूरच्या दुकानात जळक्या मोटरची तार नव्यानं गुंडाळायचं यंत्र सायकलच्या चाकापासून बनवलं. कॉलेज पाहिलं नाही. वायरमनचं लायसन तेवढं बाहेरून परीक्षा देऊन काढलं. मोजायला मात्र तुम्ही शिकवलंत. तपासणीचा दिवस आठवतो. हजेरी बघून मी छत्तीस सांगतो. तुम्ही खडू खाली ठेवता. "कागद नको, डोकी मोज." चौतीस भरतात. साहेबांसमोर तुम्ही चौतीसच लिहिता.

आता पट अकरा आहे. ही शाळा पलीकडच्या गावच्या शाळेत मिसळायची फाईल तालुक्याला गेलीय. पहिलीतली लेकरं घाटरस्त्यानं तीन किलोमीटर कशी जाणार, ते फाईलीत नाही. आणि त्याच छतावर गेल्या महिन्यात सोलर पॅनेल चढली. बंद करायच्या शाळेला सोलरची वीज कशाला, हे मला पटेना. मग कळलं, मतदान केंद्र तिथंच आहे आणि आचारसंहितेआधी उद्घाटन उरकायचंय. मतदानाला शाळा हवी, शिकायला नको, असा मी अर्थ लावतो. शेतपंपाची वीजही माफ आहे; बिल शून्य येतं, म्हणून कुणी वाचत नाही. मी वाचतो. शेजाऱ्याची जळकी मोटर दोन महिने माझ्याच टेबलावर पडून होती, तरी बिलात युनिट छापलेले. शून्याच्या आड त्या युनिटांचे पैसे सरकार कुणाला भरून देतं, हे विचारलं तर लोक म्हणतात, तुला काय करायचंय.

सोलरचं काम पूर्ण झाल्याच्या दाखल्यावर लायसनवाला वायरमन म्हणून माझी सही हवी होती. मी शिडी लावून वर गेलो. पॅनेल आठ. वायर खाली येते, भिंतीत शिरते आणि तिथंच संपते, टोकाला टेप. पॅनेलची वीज दिव्यांना चालेल अशी करणारा इन्व्हर्टरच नाही. ठेकेदाराचा माणूस खालून म्हणाला, "आवं मिस्त्री, सही करायची हाय, शॉक थोडाच बसतोय?"

"वायरीत करंट असता तर बसला असता," मी म्हणालो.

"लय शाणपणा करू नगा. तुमी न्हाई तर दुसरा हाय."

दुसरा मिळाला. उद्घाटनाला दिवे लागले, पण मीटरच्या विजेवर, मी ओढलेल्याच पॉइंटवर. टाळ्या पडल्या. पाहिलं ते सगळं लिहून मी अर्ज दिला. पोच मिळाली, उत्तर नाही.

नाही म्हणालो, हे मी गावभर सांगतो. तुमच्यापुढं अर्धंच सांगून चालायचं नाही. वर चढण्याआधी, खाली कट्ट्यावर बसून, मी पेनाचं टोपण काढलं होतं. तालुक्यातल्या सगळ्या शाळांच्या छतांचं काम माझ्या दुकानाला मिळणार होतं, आणि त्या एका सहीचे रोख पंचवीस हजार.